बाप-लेकीच्या सिरीयल सगळ्या सारख्याच का वाटतात आणि त्यांची तुलना नीट कशी करायची

बाप एकटा मुलीला वाढवतोय अशी कुठलीही सिरीयल लावा, कुठल्याही देशातली, दुसऱ्या-तिसऱ्या एपिसोडला असं वाटायला लागतंच की अरे हे आपण कुठेतरी बघितलंय. मग कोणीतरी म्हणतं कॉपी आहे, कोणी म्हणतं रीमेक आहे, तिसरं कोणी म्हणतं सगळ्या सिरीयल अशाच असतात त्यात नवीन काय. तिघंही कधी ना कधी बरोबर असतात, पण कुठल्या वेळी कोण बरोबर हे ओळखायची एक पद्धत आहे आणि ती फार अवघड नाहीये. ज्यांना दोन सिरीयल शेजारी ठेवून काय सारखं आहे आणि का सारखं आहे हे नीट मांडायचंय त्यांच्यासाठी हे लिहिलंय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. साम्य दोन जातीचं असतं. पहिलं, जे घरात आई नाही एवढ्या एका गोष्टीतून आपोआप येतं. आई नाही म्हटलं की मदतीला कोणीतरी येणार, बापाची नोकरी आणि घर यांत ओढाताण होणार, मुलगी वयाच्या मानाने जास्त शहाणी निघणार, एकट्या पुरुषाला मुलगी सांभाळता येईल का असं कोणीतरी तोंडावर विचारणार, आणि कधीतरी बापाच्या आयुष्यात दुसरी बाई येणार. हे लिहायला कोणाचं बघावं लागत नाही, दहा लेखक दहा वेगळ्या खोल्यांत बसवले तरी सगळे इथेच येऊन पोचतील. दुसरं साम्य म्हणजे ज्याची गोष्टीला काही गरज नव्हती आणि तरी जुळतंय, म्हणजे आजाराचं नाव, बापाचा धंदा, मुलीने घेतलेलं सोंग असलं काहीतरी. पुरावा म्हणून फक्त हे दुसरं चालतं. कॉपी-कॉपी म्हणून भांडणारे बहुतेक वेळा पहिल्या जातीची उदाहरणं देत बसतात म्हणून ते भांडण कधी संपत नाही.

तर पहिलं काम, आई कुठे गेली ते लिहून काढा. हे दिसायला किरकोळ वाटतं पण सगळं इथूनच ठरतं. मेली, सोडून गेली, घटस्फोट झाला, की बापाला आपल्याला मुलगी आहे हेच माहीत नव्हतं. हे चार रस्ते सोडून पाचवा क्वचितच सापडतो. (रेझिंग होप नावाची अमेरिकन कॉमेडी 2010 ला आली होती त्यात बाळाची आई सिरीयल किलर निघते आणि तिला मृत्युदंड होतो, ते मी पहिल्याच खात्यात टाकते, पण कल्पना भारी आहे हे मान्य करायला लागेल.)

आई मेलेली असेल तर बाप प्रेक्षकांना पहिल्या मिनिटापासून आवडतो, त्याला काही सिद्ध करावं लागत नाही. 1987 च्या फुल हाऊस या अमेरिकन कॉमेडीमध्ये डॅनी टॅनरची बायको दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या माणसामुळे अपघातात गेलेली आहे, तीन मुली मागे आहेत, आणि सिरीयल सुरू होते ती रडण्याचा मोठा भाग मागे टाकून. अमेरिकन टीव्हीवर जुन्या काळात विधुर एवढे का होते याचं एक कारण अगदी व्यवहारी आहे, घटस्फोट दाखवायला चॅनेलवाले घाबरायचे. 1969 च्या ब्रेडी बंचमधली कॅरोल घटस्फोटित असावी असं निर्मात्याच्या मनात होतं, चॅनेलला ते नको होतं, शेवटी तिच्या आधीच्या नवऱ्याचं काय झालं ते सिरीयलमध्ये मोघमच राहिलं. म्हणजे त्या काळातल्या दोन सिरीयलींमध्ये आई मेलेली दिसली तर ते साम्य लेखकांचं नाही, चॅनेलच्या धोरणाचं आहे, हे तुमच्या कागदावर वेगळं लिहा.

आई सोडून गेली असेल तर बापाचा स्वभावच बदलतो. तो चिडका असतो, बायकांवर विश्वास ठेवत नाही, मुलीसमोर आईचं नाव काढू देत नाही. हिंदी डेली सोप ये है मोहब्बतें मधला रमण भल्ला बघा, बायको शगुन सोडून गेल्यावर तो जसा झालाय तसा डॅनी टॅनर कधी होऊच शकला नसता, कारण डॅनीला राग धरायला माणूसच नाहीये. शिवाय सोडून गेलेली आई परत येऊ शकते, मुलीवर हक्क सांगू शकते, त्यामुळे डोक्यावर एक तलवार कायम लटकलेली राहते. मेलेली आई परत येऊ शकत नाही. डेली सोपमध्ये येते म्हणा, हुबेहूब तोच चेहरा घेऊन दुसऱ्या नावाने येते, पण ती टीआरपीची गरज, गोष्टीची नाही.

चौथा रस्ता, म्हणजे मुलगी आहे हेच माहीत नसलेला बाप, मला सगळ्यात रंगतदार वाटतो. कारण तिथे मुलगी बापाला शोधत येते, बाप नालायक असतो किंवा निदान तयार तरी नसतो, आणि कोण कोणाला वाढवतंय हा प्रश्न खरोखरचा होतो. त्यामुळे अशा सिरीयलची तुलना विधुर बापाच्या सिरीयलशी करू नका, दोन्हीकडे लहान मुलगी आणि गोंधळलेला पुरुष दिसला म्हणून त्या एका जातीच्या होत नाहीत. तुलना करायचीच असेल तर आधी आईचं खातं जुळवा.

दुसरं काम, आईचं काम कोण करतंय ते बघा. हे काम तुकड्यांत वाटलेलं असतं आणि प्रत्येक तुकडा कोणाकडे गेला ते शोधणं हीच खरी मजा. स्वयंपाक कोण करतं, मुलगी गुपित कोणाला सांगते, रागावतं कोण, आजारी पडल्यावर रात्री उशाशी कोण बसतं, आणि शेवटचा समजुतीचा डायलॉग कोणाच्या वाट्याला येतो. फुल हाऊसमध्ये मेहुणा जेसी आणि मित्र जोई असे दोन पुरुष घरात राहायला येतात आणि तिघं मिळून ओढतात. त्याच्या कितीतरी आधी, 1957 च्या बॅचलर फादरमध्ये एक श्रीमंत वकील अनाथ पुतणीला वाढवत होता (हो, काका-मामा पण याच खात्यात धरा, टीव्हीने कायम धरलेत) आणि घर सांभाळत होता पगारी नोकर पीटर टाँग. 1966 च्या फॅमिली अफेअरमध्ये तेच काम फ्रेंच नावाच्या बटलरकडे. मग 1981 ला गिमी अ ब्रेक आली, पोलीस चीफ, तीन मुली, आणि मरणाऱ्या मैत्रिणीला दिलेला शब्द पाळायला घर सांभाळणारी नेल.

हे चार नीट लावून बघितले की एक वेगळंच चित्र दिसतं. साम्य असं की बाप किंवा काका एकटा कधीच नसतो, "एकटा बाप" हे नुसतं पोस्टरवर. फरक असा की आधी हे काम पगार देऊन करून घेतलं जायचं आणि 1987 पर्यंत ते घरच्या पुरुषांवर आलं. गिमी अ ब्रेक मधेच कुठेतरी बसते, तिथे बाईच आहे आणि ती कृष्णवर्णीय आहे आणि गोऱ्या कुटुंबाचं घर सांभाळतेय, यावर टीकाही झाली होती आणि ती टीका रास्त होती असं मला वाटतं. त्या सिरीयलबद्दल अजून एक, चीफचं काम करणारा नट डॉल्फ स्वीट 1985 ला वारला, सिरीयलमध्येही चीफ वारला असं दाखवलं, आणि सिरीयल पुढे 1987 पर्यंत चालू राहिली. बाप नसताना! आईचं काम नक्की कोण करत होतं याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणार नाही. म्हणून कुठल्याही बाप-लेकीच्या सिरीयलला हा प्रश्न लावून बघा की बापाला काढलं तर घर चालेल का. चालत असेल तर ती बापाची सिरीयल नाहीच, बापाच्या नावावर चाललेली आहे.

बापाची नोकरी हा तिसरा मुद्दा. बहुतेक सिरीयलमध्ये नोकरी म्हणजे पाठीमागचा पडदा असतो, ऑफिसातून फोन येतो, बाप घड्याळ बघतो, मुलीचा कार्यक्रम हुकतो, रात्री सॉरी म्हणतो, संपलं. हे इतक्या ठिकाणी आहे की ते साम्य मोजूच नका. बघायचं ते एवढंच की मुलीपायी नोकरीत काहीतरी कायमचं गमावलं का. उसागी ड्रॉप ही जपानी अ‍ॅनिमे सिरीयल 2011 ची, त्यात तिशीतला दाइकिची आजोबा वारल्यावर त्यांची सहा वर्षांची मुलगी रिन घरी घेऊन येतो, आणि काही दिवसांतच त्याला कळतं की ओव्हरटाइम आणि पाळणाघराची वेळ एकत्र जमत नाही, तर तो स्वतःहून कमी मानाच्या पण वेळेवर सुटणाऱ्या कामावर बदली मागतो. ओरडा नाही, म्युझिक नाही, बदली मागतो आणि पुढे जातो. असं जिथे दिसेल तिथे ठळक खूण करा कारण हे दुर्मिळ आहे. उलट टोक म्हणजे व्हेरॉनिका मार्स, 2004 ची, बाप आधी शेरीफ होता आता प्रायव्हेट डिटेक्टिव्ह, मुलगी शाळा सुटल्यावर त्याच्याच ऑफिसात काम करते, म्हणजे तिथे नोकरी आणि घर अशी दोन टोकंच नाहीत, त्यामुळे नेहमीची ओढाताण गायब आणि त्याच्या जागी दुसरीच भीती, की मुलगी बापासारखीच झाली तर. दोघी सिरीयली कागदावर "एकटा बाप, हुशार मुलगी" अशा दिसतात. प्रत्यक्षात काही संबंध नाही.

आता मुलीचं वय. इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. एका सिरीयलचा पहिला सीझन आणि दुसरीचा पाचवा सीझन शेजारी ठेवतात आणि म्हणतात वेगळ्या आहेत. अहो, एकीत मुलगी पाच वर्षांची आहे आणि दुसरीत पंधराची, वेगळ्या असणारच! वयाचे टप्पे पाडा आणि त्या टप्प्यातले ठरलेले सीन शोधा. पाच-सहा वर्षांची असताना वेणी घालण्याचा सीन आणि शाळेतला "आईसोबत या" वाला कार्यक्रम. बारा-तेराला खोलीचं दार बंद व्हायला लागतं आणि पहिली पाळी. सोळाला कोणीतरी मुलगा दारात. पंचविशीला लग्न आणि घर सोडून जाणं.

यातला पहिल्या पाळीचा सीन सगळ्यात कामाचा आहे तुलनेसाठी. कारण लेखकाला तिथे निवड करावीच लागते. एक तर बाप धावत शेजारच्या किंवा ओळखीतल्या बाईकडे जातो आणि विषय तिच्या हातात देऊन बाहेर येरझाऱ्या घालतो, नाहीतर स्वतः अडखळत का होईना बोलतो, किंवा मग तिसरा प्रकार म्हणजे मुलीला आधीच सगळं माहीत असतं आणि बापाचीच समजूत घालावी लागते. आणि चौथा प्रकार, सिरीयल हा सीन दाखवतच नाही, मुलगी बाराची असूनही. तो न दाखवणं पण लिहून ठेवा. दोन सिरीयलनी एकच निवड केली असेल तर ते साम्य वेणीच्या सीनपेक्षा कितीतरी जास्त बोलतं. वेणी सगळेच घालतात, आणि सगळ्यांची पहिल्यांदा वाकडीच होते.

लहान मुलं मोठी होतात ही पण एक तांत्रिक अडचण आहे आणि ती गोष्ट बदलते. फुल हाऊसमधली सगळ्यात धाकटी मिशेल ही भूमिका जुळ्या ओल्सन बहिणींनी मिळून केली, कारण बाळांना सेटवर किती तास ठेवायचं याला कायद्याची मर्यादा असते. ती सिरीयल 1987 ते 1995 चालली, मुली प्रेक्षकांसमोरच वाढल्या, त्यामुळे बापाचं म्हातारं होणंही खरं वाटतं. डेली सोपमध्ये मात्र लीप येतो, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे उडी मारते. ये है मोहब्बतें मध्ये लीपनंतर रमणची मुलगी रुही एकदम मोठी झाली, नटी बदलली, आणि लहान रुहीभोवती उभी राहिलेली ती सगळी गोष्ट मागे पडली. लीपनंतर बाप-लेकीची सिरीयल जवळपास नेहमीच मुलीच्या प्रेमाची सिरीयल होते. म्हणून तुलना करताना लीपच्या आधीचं आणि नंतरचं ही दोन वेगळी कामं समजा, नाहीतर काही हाती लागत नाही.

मोठ्या झालेल्या मुलींच्या सिरीयलमध्ये एक कोरियन उदाहरण आवर्जून बघा, माय डॉटर सो-यंग, 2012 मध्ये सुरू झालेली, 50 एपिसोड. मुलगी बापावर इतकी चिडलेली असते की लग्न करताना सासरच्यांना बाप हयात आहे हेच सांगत नाही. म्हणजे नेहमीचं गणित उलटं, इथे आई नव्हे, जिवंत बापच पुसून टाकलाय. तरी तुम्ही वरचे प्रश्न लावले तर सगळे लागू पडतात हे बघून मला तरी बरं वाटलं, म्हणजे पद्धत चालते.

कोर्टाबद्दल थोडं. जवळजवळ प्रत्येक सिरीयलमध्ये एक क्षण येतो की कोणीतरी बाहेरचं माणूस, जज म्हणा, समाजसेविका म्हणा, आजी-आजोबा म्हणा, येऊन बापाची परीक्षा घेतं. पंकी ब्रूस्टर (1984) मध्ये आईने टाकून दिलेली मुलगी बिल्डिंगच्या म्हाताऱ्या मॅनेजरला सापडते आणि त्याला तिला ठेवून घ्यायला कोर्टातून जावं लागतं. ये है मोहब्बतें तर मंजू कपूर यांच्या कस्टडी या कादंबरीवर बेतलेली आहे, तिथे ताब्याचा झगडा हाच पाया. बघायचं काय, तर परीक्षेत विचारतात काय. एकट्या आईच्या सिरीयलमध्ये सहसा विचारतात परवडेल का, एकट्या बापाच्या सिरीयलमध्ये विचारतात जमेल का. पैशाचा प्रश्न बापाला फार कमी विचारला जातो आणि "येतं का तुला" हा आईला जवळपास कधीच नाही. त्याचीच दुसरी बाजू अशी की बापाने डबा भरला की बॅकग्राउंडला व्हायोलिन वाजतं, आईने भरला की कॅमेरा तिकडे बघतही नाही. याची टेस्ट घ्यायची असेल तर तयार जोडी आहे, 2016 ची फुलर हाऊस, फुल हाऊसचाच पुढचा भाग. तेच घर, पण आता मोठी मुलगी डी.जे. स्वतः विधवा, तीन मुलगे, आणि मदतीला बहीण स्टेफनी आणि मैत्रीण किमी. सगळ्या जागा त्याच, फक्त पुरुषांच्या जागी बायका. जुन्यात बापाला ज्या गोष्टीसाठी टाळ्या पडल्या तीच गोष्ट नव्यात आईने केल्यावर काय होतं ते एकेका सीनला बघा, शांतपणे, वहीत लिहीत.

दुसऱ्या बाईच्या एन्ट्रीवर मी फार वेळ घालवत नाही कारण त्यात दोनच प्रकार आहेत. एक तर ती बापासाठी येते आणि मुलीला पटवावं लागतं, किंवा ती मुलीसाठी येते आणि बापाला पटवावं लागतं. ये है मोहब्बतें मधली रुही आणि तिच्यासाठी येणारी शेजारची इशिता दुसऱ्या प्रकारातल्या. मेरे डॅड की दुल्हन (2019) मध्ये तर मुलगीच बापासाठी बायको शोधायला निघते, तोही दुसऱ्याचाच पोटप्रकार.

आता मुख्य काम, रीमेक की योगायोग. इथे आधी तारखा लिहा, मग क्रेडिट बघा, मग ती बिनगरजेची साम्यं मोजा, याच क्रमाने. क्रेडिटमध्ये मूळ कथा किंवा फॉरमॅट कोणाचा हे पुष्कळदा लिहिलेलं असतं आणि लोक ते स्किप करून दोन तास वाद घालतात.

सोपं उदाहरण आधी. ओह माय ग्युम-बी, कोरियन, 2016, 16 एपिसोड. फसवाफसवी करून जगणारा माणूस, त्याच्या दारात अचानक मुलगी येऊन उभी राहते, मुलीला निमन-पिक नावाचा दुर्मिळ आजार आहे ज्यात लहान वयात स्मृती जायला लागते. टर्किश किझिम, 2018, 34 एपिसोड. फसवाफसवी करून जगणारा माणूस, दारात मुलगी, निमन-पिक. आता बघा, मुलगी दारात येणं हे चौथ्या रस्त्यातून आपोआप आलं, ते सोडून द्या. मुलगी आजारी असणं हे पण मेलोड्रामात नेहमीचं. पण बाप भामटाच असणं आणि आजार नेमका तोच असणं, याला कुठल्याच बाजूने गरज नव्हती. दोन एपिसोडात निकाल लागतो, आणि निकाल बरोबर आहे, किझिम हा अधिकृत रीमेकच आहे. मग खरा प्रश्न सुरू होतो तो हा की बदललं काय. टर्किश एपिसोड दोन-दोन तासांचे असतात, शिवाय संख्येने दुप्पट, तर एवढा जास्तीचा वेळ कुठे घातला ते शोधा. रीमेक सापडला की लोक थांबतात, मला वाटतं तिथून पुढेच बघण्यासारखं असतं.

आपल्याकडचं उदाहरण मोठं आहे. बंगाली पोटोल कुमार गानवाला 2015 च्या शेवटी सुरू झाली. गाणारी लहान मुलगी, आई वारलेली, बाप शहरातला गाजलेला गायक, त्याला दुसरी बायको आणि दुसरी मुलगी, आणि ही आपलीच मुलगी आहे याचा त्याला पत्ता नाही. याच सांगाड्यावर तमिळ मौन रागम आली, हिंदीत कुल्फी कुमार बाजेवाला 2018 ला, आणि मराठीत स्टार प्रवाहवर तुझेच मी गीत गात आहे 2022 ला, मल्हार आणि स्वराची. एकाच चॅनेल कुटुंबातल्या या सिरीयल, लपवाछपवी कुठे नाही. बंगालीत मुलगी मुलगा बनून बापाच्या घरी राहते, मराठीत स्वरा स्वराज होते. हे सोंग म्हणजे बिनगरजेच्या साम्याचं उत्तम उदाहरण, बापाजवळ पोचायचे शंभर मार्ग असताना तोच मार्ग. सावत्र बहीण मात्र मी पुराव्यात धरणार नाही, बापाचा दुसरा संसार दाखवायचा म्हटल्यावर ती येणारच होती.

असंच हिंदी ये है मोहब्बतें आणि मराठी प्रेमाची गोष्ट. घटस्फोटित बाप, लहान मुलगी, शेजारची बाई जिला स्वतःचं मूल होऊ शकत नाही, इथपर्यंत म्हणाल तर कोणाच्याही डोक्यात येईल. पण इशिताही डेंटिस्ट आणि मुक्ताही डेंटिस्ट म्हटल्यावर विषय संपला. दाताच्या डॉक्टरची त्या गोष्टीला काय गरज होती सांगा.

आणि आता तो नमुना ज्याच्यामुळे ही पद्धत आंधळेपणाने वापरू नका म्हणून सांगावं लागतं. फुल हाऊस आणि माय टू डॅड्स. दुसरीत आई वारल्यावर बारा वर्षांची निकोल दोन पुरुषांच्या ताब्यात दिली जाते कारण दोघांपैकी बाप कोण ते माहीत नाही, आणि सिरीयल ते शेवटपर्यंत उघड करत नाही. दोन्हीत आई मेलेली. दोन्हीत एक पुरुष शिस्तीचा पांढरपेशा आणि दुसरा केस वाढवलेला कलाकार छापाचा. दोन्हीत सगळे एका छताखाली. आणि दोन्हीत एकाचं नाव जोई! फुल हाऊसमध्ये जोई ग्लॅडस्टोन, माय टू डॅड्समध्ये जोई हॅरिस. नावाला गोष्टीची काय गरज, म्हणजे आपल्या नियमाने हा पक्का पुरावा, कॉपी सिद्ध. पण तारखा बघा. माय टू डॅड्स एनबीसीवर 20 सप्टेंबर 1987 ला सुरू झाली, फुल हाऊस एबीसीवर 22 सप्टेंबर 1987 ला. दोन दिवसांच्या अंतराने. एवढ्यात कोणी कोणाचं बघून लिहीत नाही, पहिले एपिसोड महिनोन्महिने आधी तयार असतात. म्हणजे नाव हा निव्वळ योगायोग, आणि बाकीचं सगळं त्या काळाच्या हवेतलं. म्हणून मी वर म्हटलं तारखा आधी. आणि म्हणूनच बिनगरजेचं साम्य एक असून भागत नाही, निदान दोन-तीन हवीत आणि ती एकमेकांपासून लांबची हवीत, म्हणजे एक धंद्याचं, एक आजाराचं, एक कथेतल्या वळणाचं असं काहीतरी.

याच जोडीत फरक कुठे आहे तेही बघून घ्या कारण तो शिकण्यासारखा आहे. फुल हाऊसमध्ये बाप कोण यावर कधीच प्रश्न नाही, बाकीचे दोघं मदतनीस आहेत, शेवटची समजूत घालायला पुष्कळदा डॅनी येतो. माय टू डॅड्समध्ये बाप असण्याचा हक्कच अर्धा-अर्धा आहे, आणि ज्या जजने निर्णय दिला ती बाई त्याच बिल्डिंगमध्ये राहते, म्हणजे कोर्ट हा एका एपिसोडचा ट्रॅक नसून रोजचा शेजार आहे. वरून जुळ्या बहिणी वाटणाऱ्या या दोन सिरीयल आतून वेगवेगळे प्रश्न विचारतात.

किती बघायचं हा प्रश्न येणारच. सगळे एपिसोड बघायची गरज नाही आणि हजार-दीड हजार एपिसोडच्या डेली सोपचे तर कोणी बघूही शकणार नाही. पहिले दोन सलग बघा, मग मुलगी आजारी पडते किंवा हरवते तो, मग दुसऱ्या बाईची एन्ट्री होते तो, मग कोर्टाचा, मग शेवटचा. लीप असेल तर लीपच्या आधीचा आणि नंतरचा एकेक. नुसती कथा वाचून तुलना करू नका, कथेच्या सारांशात सगळ्याच सिरीयल सारख्या दिसतात, वेणीचा सीन कोणाच्या नजरेतून घेतलाय हे सारांशात नसतं. कॉमेडी आणि डेली सोप शेजारी ठेवताना लक्षात असू द्या की बावीस मिनिटांच्या कॉमेडीत भांडण शेवटच्या ब्रेकनंतर मिटवावंच लागतं आणि डेली सोपमध्ये मिटवलं तर उद्या दाखवायचं काय, त्यामुळे "हा बाप समजूतदार आणि तो हट्टी" असं लिहाल तर ते बापाबद्दल नसून स्लॉटबद्दल असेल.

पहिल्यांदाच करत असाल तर ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशी जोडी घ्या, ये है मोहब्बतें आणि प्रेमाची गोष्ट चालेल, रीमेक आहे हे ठाऊक असताना साम्यांचे दोन रकाने भरायची सवय करा. मग फुल हाऊस आणि माय टू डॅड्सचे पहिले एपिसोड लागोपाठ बघा, जोई आणि जोईला एकत्र भेटा, आणि मगच तुमच्या मनातल्या त्या जोडीला हात घाला जिच्यावरून तुमचं कोणाशी तरी भांडण झालंय.